फुकटच्या फायरवॉलची भांडकुदळ वंशावळ

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या मध्यम आकाराच्या वर्कशॉपच्या ऑफिसात गेलात, तर अकाउंट्सच्या टेबलाखाली धूळ खात पडलेला एक जुना डेस्कटॉप दिसण्याची बरीच शक्यता असते. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. मागे दोन लॅन केबली, एक फायबरच्या मोडेमकडून आलेली आणि दुसरी स्विचकडे गेलेली. वर चिकटपट्टी लावून मार्करने लिहिलेलं असतं, 'बंद करू नये'. तीच त्या ऑफिसची फायरवॉल, म्हणजे इंटरनेटवरून येणारी-जाणारी वाहतूक तपासणारा पहारेकरी. आत पीएफसेन्स नाहीतर ओपीएनसेन्स नावाचं सॉफ्टवेअर चालत असतं. दोन्ही फुकट डाउनलोड करता येतात आणि दोन्हींचा सोर्स कोड उघडा आहे, म्हणजे कोणालाही वाचता-बदलता येतो.

बसवून देणाऱ्याला शेठ हमखास एक प्रश्न विचारतात: "अहो, फुकट आहे म्हणता, मग उद्या बनवणाऱ्यानं दुकान गुंडाळलं तर?" प्रश्न रास्त आहे. बनवणाऱ्यांनी दुकान खरोखरच अनेकदा गुंडाळलंय, भांडणंही भरपूर केलीत, आणि आजची फायरवॉल त्या भांडणांतूनच घडली आहे.

नोव्हेंबर 1988 मध्ये मॉरिस वर्म नावाचा प्रोग्रॅम इंटरनेटवर सुटला आणि त्या वेळच्या हजारो मशीन त्याने लोळवल्या. तोवर हे जाळं ओळखीपाळखीच्या विद्यापीठांचं होतं. दाराला कडी लावायची कोणाला गरज वाटली नव्हती. त्यानंतर येणारी-जाणारी पाकिटं, म्हणजे डेटाचे तुकडे, तपासण्याचं काम गांभीर्याने सुरू झालं. 1993 मध्ये मार्कस रॅनम यांनी ट्रस्टेड इन्फॉर्मेशन सिस्टिम्समध्ये असताना फायरवॉल टूलकिट बाहेर काढलं, आणि त्याचा सोर्स कोड मिळत होता. पुढच्याच वर्षी चेक पॉइंट कंपनीची फायरवॉल-1 बाजारात आली. तिने रुळवलेली 'स्टेटफुल' तपासणी आज सगळीकडे आहे. सरकारी कचेरीतलं आवक-जावक रजिस्टर डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडून जावक झालेल्या पत्राचं उत्तर आलं, तरच आवकवाला ते घेतो. नोंद सापडली नाही तर पाकीट परत. फायरवॉल ही नोंद मेमरीत ठेवते आणि जुन्या नोंदी आपोआप खोडते.

खरी मजा 2001 साली झाली. सुरक्षेसाठी नावाजलेल्या ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तेव्हा फायरवॉल म्हणून डॅरेन रीड यांचं आयपीफिल्टर वापरलं जाई. त्या मे महिन्यात रीड यांनी परवान्याबद्दल स्पष्ट केलं की बदल करून ते वाटायचं असेल, तर आधी त्यांची परवानगी लागेल. ओपनबीएसडीचे प्रमुख थिओ डी राट तडजोड करणाऱ्यांपैकी नव्हेत. मे संपायच्या आत त्यांनी आयपीफिल्टर काढूनच टाकलं. म्हणजे सुरक्षेबद्दल छाती पुढे काढणारी सिस्टिम काही दिवस फायरवॉलविनाच होती! डॅनिएल हार्टमायर या स्वित्झर्लंडच्या प्रोग्रॅमरने त्या पोकळीत पीएफ लिहायला घेतलं. जूनच्या अखेरीस ते कोडमध्ये आलं आणि 1 डिसेंबर 2001 ला ओपनबीएसडी 3.0 बरोबर जगासमोर. पुढे ते फ्रीबीएसडी या भाऊबंद सिस्टिममध्ये गेलं, आणि पीएफसेन्स-ओपीएनसेन्स त्याच फ्रीबीएसडीवर उभी आहेत. मकरपुऱ्यातला तो डेस्कटॉप पाकिटं चाळतो, ती याच पीएफने.

लिनक्स या दुसऱ्या खुल्या सिस्टिमच्या फायरवॉलींचं घराणं वेगळं आणि त्या मानाने शांत. आयपीएफडब्ल्यूअॅडएम, मग आयपीचेन्स, 2001 च्या 2.4 कर्नलमध्ये आयपीटेबल्स आणि 2014 पासून एनएफटेबल्स. दर काही वर्षांनी कमांड नव्याने पाठ करायच्या, एवढाच त्रास. घरच्या राउटरांसाठी मात्र याच घराण्याने मोठं काम केलं. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी54जी या लोकप्रिय राउटरमध्ये लिनक्स आहे हे 2003 मध्ये लोकांच्या लक्षात आलं. कोड वाटला की तो खुलाही करायला लावणाऱ्या जीपीएल परवान्यामुळे कंपनीला कोड खुला करावा लागला, आणि त्यातून 2004 मध्ये राउटरांसाठीचं खुलं सॉफ्टवेअर ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं.

2003 मध्ये मॅन्युएल कॅस्पर (हेही स्विस, त्या देशाच्या पाण्यातच काही असावं) यांनी मोनोवॉल आणलं. फ्रीबीएसडी, वर वेब पान, आणि सगळी मांडणी एकाच एक्सएमएल फाइलीत. काळ्या पडद्यावर नियम टाइप करणं ज्यांना जमत नव्हतं, त्यांच्या हातात खरी फायरवॉल आली. मोनोवॉल छोट्या बोर्डांसाठी होतं आणि आत तेच आयपीफिल्टर होतं. पूर्ण पीसीवर चालणारं, पीएफ वापरणारं काहीतरी हवं म्हणून ख्रिस ब्युक्लर आणि स्कॉट उलरिच यांनी 2004 मध्ये त्यातून पीएफसेन्स वेगळं काढलं. त्याची 1.0 आवृत्ती ऑक्टोबर 2006 ची.

मग पुढची वाटणी. नेदरलँड्सच्या डेसिसो कंपनीला पीएफसेन्सचा कारभार पटेना. जानेवारी 2015 मध्ये त्यांनी ओपीएनसेन्स काढलं. पुढच्याच महिन्यात कॅस्पर यांनी मोनोवॉल बंद केलं आणि आपल्या वापरकर्त्यांना ओपीएनसेन्सकडे जायला सांगितलं. पीएफसेन्स चालवणाऱ्या नेटगेटला हे झोंबलं असणार. opnsense नावाचं डॉट कॉम डोमेन त्यांच्या हाती गेलं, तिथे प्रतिस्पर्ध्याची टर उडवणारी साइट उभी राहिली, आणि प्रकरण जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे जाऊन 2017 मध्ये ते डोमेन डेसिसोला देण्याचा निर्णय झाला. मोठ्या माणसांनी असं वागावं याचं नवल वाटतं. पण शेठच्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं: मोनोवॉलचं दुकान बंद झालं तेव्हा त्याच कोडवर उभी असलेली दोन दुकानं शेजारी उघडी होती.

उघड्या कोडमुळे चूक होतच नाही असं कोणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. फेब्रुवारी 2021 मध्ये पीएफसेन्स 2.5.0 मध्ये वायरगार्ड हे व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारा खासगी कुलूपबंद रस्ता, आलं. फ्रीबीएसडीसाठीचा तो कोड नेटगेटच्या पैशाने लिहून घेतलेला होता. वायरगार्डचे मूळ लेखक जेसन डोनेनफेल्ड यांनी तो वाचला, जाहीरपणे कान उपटले आणि दोन साथीदारांसह आठवड्याभरात पुन्हा लिहिला. शेवटी फ्रीबीएसडी 13.0 मधून तो काढला गेला आणि पीएफसेन्सच्या पुढच्या आवृत्तीतूनही. त्याच वर्षी नेटगेटने पीएफसेन्स प्लस ही बंद कोडची शाखा सुरू केली. घरगुती वापरासाठी ती फुकट दिली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ती सवलत काढून घेतली. म्हणून नवीन बसवणाऱ्याने माझं ऐकायचं तर ओपीएनसेन्स घ्यावं. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, नवी आवृत्ती येते.

गुजरातेत या सगळ्याला एक स्थानिक पदर आहे. अहमदाबादच्या एलिटकोर कंपनीची सायबरोम ही बंद कोडची फायरवॉल पेटी इथल्या कॉलेजांत आणि कंपन्यांत घरोघरी पोहोचलेली होती. लॉगिन केल्याशिवाय नेट नाही, हे एका पिढीला तिनेच शिकवलं. 2012 मध्ये नेटवर ओळख लपवण्याचं साधन बनवणाऱ्या टॉर प्रकल्पाच्या लोकांनी दाखवून दिलं की सायबरोमच्या सगळ्या पेट्यांत एकच सीए सर्टिफिकेट, म्हणजे वेबसाइटींची ओळख पटवणारा एकच डिजिटल शिक्का, आहे. म्हणजे एका पेटीची किल्ली काढली की दुसऱ्या पेटीमागच्या माणसाची एन्क्रिप्टेड वाहतूक वाचता येण्याची सोय. कंपनीने तातडीने दुरुस्ती पाठवली. 2014 मध्ये ब्रिटनच्या सोफोसने सायबरोम विकत घेतली. पेटी ज्याची होती, त्याचंच नाव बदललं. आणि बंद कोडाच्या पेटीला शेजारचं दुकान नसतं.

2016-17 ही दोन वर्षं छोट्या धंद्यांना फार काही शिकवून गेली. मालकाला घरबसल्या मोबाइलवर कॅमेरे दिसावेत म्हणून सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचा (रेकॉर्डरचा) पोर्ट, म्हणजे नेटवरचा दरवाजा, बाहेर उघडायचा, पासवर्ड कंपनीचाच ठेवायचा, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. मिराई बॉटनेटने, म्हणजे कब्जात घेतलेल्या यंत्रांच्या फौजेने, जगभर नेमके असेच डीव्हीआर आणि कॅमेरे गोळा केले, आणि 21 ऑक्टोबर 2016 ला वेबसाइटींच्या नावांवरून पत्ते शोधून देणाऱ्या डाइन कंपनीवर मारा करून अमेरिकेतल्या कित्येक मोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पोर्ट 445 वरून पसरला. टॅलीच्या सर्व्हरवर घरून काम करता यावं म्हणून रिमोट डेस्कटॉपचा 3389 पोर्ट सताड उघडा ठेवणारे दांडिया बाजारातल्या सीएंच्या ऑफिसांतही सापडतील. उपाय तोच: पोर्ट बंद, व्हीपीएन चालू. त्यासाठी महागडी पेटी लागत नाही, हे कळल्यावर टेबलाखालच्या डेस्कटॉपांची संख्या वाढली.

घरी, म्हणजे मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये, बसवायला निघालात तर अडचण भलत्याच ठिकाणी येते. फायबरवाल्याचा राउटर बऱ्याचदा 192.168.1.1 वर असतो आणि पीएफसेन्सची लॅनही (घरातल्या जाळ्याची बाजू) मुळात त्याच पत्त्यावर. दोन्हीकडे एकच पट्टा, मग नेट येत नाही आणि माणूस केबली बदलत बसतो. लॅन 192.168.10.1 केली की काम भागतं. नेटवर्क कार्ड इंटेलचं घ्यावं. फ्रीबीएसडीचं आणि रिअलटेकचं फारसं जमत नाही.

धंद्याच्या ठिकाणी 2022 पासून आणखी एक बाब आली आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी लॉग (यंत्रांनी ठेवलेल्या नोंदी) 180 दिवस जपायचे, सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायची आणि घड्याळं सरकारी किंवा त्यांना जुळलेल्या एनटीपी (वेळ सांगणाऱ्या) सर्व्हरशी जुळवून ठेवायची. फुकटची फायरवॉल मुळात इतके दिवस लॉग धरत नाही. जुने पुसून नवे लिहिते. ते सिसलॉग या लॉग पाठवण्याच्या पद्धतीने वेगळ्या मशीनवर पाठवायचे असतात. ती सेटिंग आणि एक्सएमएल फाइलीचा बॅकअप, या दोन गोष्टी करून देण्याचे पैसे बसवणारा मागतो, आणि ते द्यावेत.