पिस्टन गोल नसतो

माझ्या टेबलावर कागद दाबायला एक जुना पिस्टन, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरमध्ये वर-खाली होणारा धातूचा दट्ट्या, ठेवलेला असतो. ५४ मिलिमीटरचा, १२५ सीसीच्या टू-स्ट्रोक डर्ट बाइकमधला. त्याच्या अंगावर चार उभे ओरखडे आहेत, चार बाजूंना चार. नवा बसवला आणि इंजिन पुरतं तापायच्या आत मी मूठ पिळली. पिस्टन तापून फुगला, सिलिंडर अजून गारच होता, आणि मागचं चाक जागच्या जागी अडकलं. घाई माझी होतीच, पण खरी चूक आधी झाली होती. पिस्टन मागवताना मी गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून मोकळा झालो होतो. सिलिंडर मोजलाच नव्हता.

टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला दुहेरी काम असतं. फोर-स्ट्रोकसारखे हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणात, व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीतच पोर्ट, म्हणजे खिडक्या कापलेल्या असतात आणि पिस्टन वर-खाली होताना त्या उघडतो, झाकतो. इंग्लंडमध्ये जोसेफ डेने १८९१ साली या इंजिनाचं पेटंट घेतलं तेव्हापासून हेच चाललंय. मिनिटाला ९००० फेरे म्हणजे सेकंदाला १५० स्फोट, कारण इथे प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो. वंगण म्हणाल तर पेट्रोलमधून येईल तेवढंच. त्यामुळे डर्ट बाइकमध्ये पिस्टन हा चेन किंवा ब्रेक पॅडसारखा, झिजला की बदलायचाच भाग.

सगळी गोम आहे ती पिस्टन आणि भिंतीमधल्या फटीत. एवढ्या व्यासाला ती साधारण ०.०५ मिलिमीटर असते, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. आता हिशेब करा. अ‍ॅल्युमिनियम एक अंश तापलं की दशलक्षात सुमारे २३ भाग वाढतं. ५४ मिलिमीटरचा पिस्टन २०० अंशांनी तापला तर जवळजवळ पाव मिलिमीटर फुगेल, फटीच्या पाचपट! मग इंजिन चालतं कसं? एक तर सिलिंडरही तापून थोडा मोठा होतो. दुसरं म्हणजे पिस्टन मुळात गोल नसतोच. त्याचा माथा सर्वांत जास्त तापतो, म्हणून तो स्कर्टपेक्षा, म्हणजे पिस्टनच्या खालच्या घेरापेक्षा, बारीक ठेवतात. पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनच्या बाजूला धातू जास्त, तिथली वाढही जास्त, म्हणून त्या दिशेने व्यास मुद्दाम कमी. गार असताना अंडाकृती आणि निमुळता असलेला हा तुकडा तापल्यावर जेमतेम गोल होतो. म्हणून मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं घेणारं साधन, कुठेही लावून चालत नाही. पिनच्या काटकोनात, स्कर्टच्या खालच्या कडेपासून कंपनीने सांगितलेल्या उंचीवरच माप घ्यायचं.

पिस्टन घ्यायला गेलं की पहिला प्रश्न येतो तो ओतीव की घडीव. ओतीव पिस्टनच्या मिश्रधातूत सिलिकॉन भरपूर असतं, काहींत १८ टक्क्यांच्या आसपास. तो कमी फुगतो, फट कमी चालते, आवाजही कमी. पण धातू ठिसूळ. फार दिवस चालवला तर स्कर्टचा तुकडा पडून खालच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात, जातो आणि मग खर्च पिस्टनपुरता राहत नाही. घडीव पिस्टन प्रचंड दाबाखाली घडवतात. त्यातल्या २६१८ नावाच्या मिश्रधातूत सिलिकॉन जवळजवळ नसतंच. तो चिवट असतो, पण जास्त फुगतो, म्हणून फट ०.०७ किंवा त्याहून जास्त ठेवावी लागते आणि गार इंजिन खडखडतं. ४०३२ या मिश्रधातूत साधारण १२ टक्के सिलिकॉन, तो या दोघांच्या मधला. ‘घडीव म्हणजे भारी’ असं सर्रास बोललं जातं, ते मला पटत नाही. शर्यतीत सतत पिळून काढायचं असेल तर घडीवच. रानवाटांवर मजेत हिंडणाऱ्याला ओतीव पुरतो, फक्त तो वेळेवर बदलला पाहिजे.

माझी चूक मात्र धातूची नव्हती, मापाची होती. जुन्या गाड्यांत सिलिंडरला आतून लोखंडी लायनर, म्हणजे नळीसारखं अस्तर, असतो. तो झिजला की रिबोअर करून, म्हणजे आतून थोडा मोठा कापून, ०.२५, ०.५० मिलिमीटरने मोठे असे ओव्हरसाइज पिस्टन टाकता येतात. मात्र आधी पिस्टन हातात घ्यायचा, त्याचं माप घ्यायचं आणि त्याप्रमाणे बोअर करायला द्यायचं. उलट क्रमाने केलं की फट नशिबावर. नव्या गाड्यांच्या अ‍ॅल्युमिनियम सिलिंडरला आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा पातळ थर असतो. तिथे रिबोअर नाही. थर उडाला तर पुन्हा चढवून घ्यावा लागतो. अशा सिलिंडरना मापाप्रमाणे ए, बी, सी अशी अक्षरं देतात, एकेका अक्षरात साधारण ०.०१ मिलिमीटरचा फरक. माझा सिलिंडर ‘ए’ होता आणि आलेला पिस्टन ‘सी’. ०.०५ ची फट ०.०३ वर आली होती.

जुना पिस्टन लगेच फेकू नका, नवा निवडायला तोच मदत करतो. ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या, म्हणजे धूर बाहेर जाण्याच्या, बाजूला असतील तर मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) होतंय, तेल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. इनटेकच्या, म्हणजे मिश्रण आत येण्याच्या, बाजूचा स्कर्ट मंद, खरखरीत झिजला असेल तर एअर फिल्टरमधून धूळ येतेय. माथ्याला खड्डे किंवा भोक म्हणजे वेळेआधी किंवा अवेळी पेटणारं मिश्रण. अशा इंजिनात जास्त कॉम्प्रेशनचा उंच माथ्याचा पिस्टन टाकणं म्हणजे आगीत तेल ओतणं. कारण न शोधता पिस्टन बदलला तर नवाही त्याच वाटेने जाणार.

रिंगा, म्हणजे पिस्टनच्या खाचेत बसणारी, भिंतीला टेकणारी कडी, एक की दोन? एक रिंग असली की घर्षण कमी, इंजिन चटकन वर चढतं. दोन रिंगा जास्त दिवस टिकतात आणि उष्णताही भिंतीकडे बरी नेतात. मी दोनवाला. रिंग आधी नुसतीच सिलिंडरमध्ये टाकून, पिस्टनने ढकलून सरळ करून तिच्या टोकांमधली फट फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, पाहायची. ५४ मिलिमीटरला साधारण ०.२ च्या पुढे असावी. त्याहून कमी असेल तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात.

गजन पिन जागेवर धरणारे लॉक दर वेळी नवेच टाकायचे आणि बसवताना त्यांचं उघडं तोंड वर किंवा खाली ठेवायचं, बाजूला नाही. माथ्यावरचा बाण एक्झॉस्टकडे. तो उलटा झाला तर रिंगची टोकं नको त्या खिडकीसमोर येतात, बाहेर उसळतात आणि काठावर अडकून तुटतात. हेड बसवण्याआधी बॅटरी मारून तो बाण मी दोनदा बघतो.