एसएमपीएसची निवड (कोकण किनारा)

एसएमपीएस म्हणजे डेस्कटॉप संगणकाचा वीजपुरवठा संच. घरातल्या २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेपासून तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टची एकदिश वीज तयार करतो. त्याचा आकार व जोडण्या इंटेलने १९९५ साली आणलेल्या एटीएक्स मानकाप्रमाणे असतात. सुटे भाग जुळवून संगणक घेताना पैसे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर जातात आणि एसएमपीएस कॅबिनेटबरोबर येईल तो चालवून घेतला जातो. किनाऱ्यावर ही काटकसर महागात पडते.

वॅटचा हिशेब सोपा आहे. रायझन ५ ७६०० प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॅट घेतो, आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॅट. मदरबोर्ड, डिस्क, पंखे धरून बेरीज पावणेतीनशेच्या आत राहते, म्हणून ५५० वॅटचा चांगला संच पुष्कळ झाला. ‘८० प्लस’ ही श्रेणी कार्यक्षमता सांगते; ब्राँझ संच निम्म्या भारावर किमान ८५ टक्के वीज कामी लावतो, उरलेली उष्णता होते. टिकाऊपणा मात्र या शिक्क्यावरून कळत नाही. त्यासाठी आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) १०५ अंश सेल्सियसपर्यंत तग धरणारे आहेत का आणि हमी किती वर्षांची आहे, हे विचारावे.

कोकणात खरा प्रश्न अर्थिंगचा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, ही तक्रार बहुधा संच बिघडल्याची नसते. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर थोडा प्रवाह पत्र्याकडे सोडतात आणि तो जमिनीत जायला वाट नसेल तर माणसाच्या हातातून जातो. जांभ्याच्या कातळावर घर असेल तर वैशाखात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. मीठ-कोळसा घालून त्याला पाणी देत राहावे लागते. हे काम वायरमनकडून आधी तपासून घ्यावे, संच नंतर निवडावा.

दुसरा शत्रू खारा वारा. मीठ बसलेली धूळ दमट हवेतले पाणी ओढते, वीजवाहक होते आणि सर्किटवर गंज धरते. मालवण-वेंगुर्ल्याला समुद्राकडे उघडणाऱ्या खिडकीखाली कॅबिनेट ठेवूच नये. पावसाळ्यात आठ-आठ दिवस बंद राहणाऱ्या यंत्रापेक्षा रोज तासभर चालणारे बरे. आतल्या उबेने ओल धरत नाही. धूळ काढायला म्हणून संच खोलू मात्र नये, कारण प्लग काढल्यावरही मुख्य कपॅसिटरमध्ये जवळपास ४०० व्होल्ट काही काळ टिकून राहू शकतात.

लाइट कमी-जास्त होणाऱ्या गावात १०० ते २४० व्होल्टवर चालणारा, ॲक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीत खेचणारी व्यवस्था) असलेला संच घ्यावा. वीज गेल्यावर संच मोजक्या मिलिसेकंदच तग धरतो, तेवढ्यात यूपीएसने भार उचलायला हवा. काही ॲक्टिव्ह पीएफसी संचांना स्वस्त यूपीएसची चौकोनी लहर मानवत नाही. त्यांना साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा, यूपीएस लागतो. वळिवाच्या गडगडाटात बटण बंद करून भागत नाही. प्लग काढावा, आणि इंटरनेटची तांब्याची तारही.