नवीन नाव नोंदवणाऱ्यांसाठी: पहिले तीन महिने

आपण नाव नोंदवलंत, त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्रक घरी नेऊन निवांत वाचा. व्यायामाचे प्रकार आम्ही समोर उभं राहून शिकवूच. इथे लिहिलं आहे ते व्यायाम टिकवण्याबद्दल. आजवर जे आमच्याकडून मध्येच गेले, त्यांतल्या बहुतेकांना व्यायाम जमत नव्हता असं नाही. पहिल्या आठवड्यात उत्साहाच्या भरात झेपेल त्याच्या दुप्पट केलं, अंग आंबलं, मग दोन खाडे पडले, दोनाचे पाच झाले आणि नंतर परत यायचाच संकोच वाटू लागला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते हेच, आणि त्यात आळसाचा भाग फार थोडा असतो.

म्हणून एकच विनंती: पहिला महिना थकायच्या आधी थांबा. ‘अजून थोडं जमलं असतं’ असं वाटत असतानाच घरी जा.

यामागे शरीराचं कारण आहे. पहिल्या काही आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढल्यासारखी वाटते. त्यातला मोठा वाटा मज्जासंस्थेचा असतो. आहे त्याच स्नायूंना कामाला कसं लावायचं हे ती शिकत असते. स्नायू भरतात ते सावकाश, आणि स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरा त्याहूनही सावकाश तयार होतात. महिन्याभरात वजन हलकं वाटायला लागतं, पण गुडघा, खांदा आणि टाचेजवळचे कंडरा अजून मागे असतात. त्या वेळी वजन वाढवायची घाई केली की दुखणं नेमकं तिथे सुरू होतं. कितीही आग्रह झाला तरी पहिल्या महिन्यात आम्ही वजन भराभर वाढवू देत नाही. राग मानू नका.

किती व्यायाम पुरेसा?

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम करावा, किंवा 75 ते 150 मिनिटं जोरदार. शिवाय निदान दोन दिवस सर्व मुख्य स्नायूंना ताकदीचा व्यायाम हवा. वय 65च्या पुढे असेल तर तोल सांभाळण्याचे प्रकार आठवड्यातून तीन दिवस. मध्यम म्हणजे किती, हे घड्याळाशिवाय ओळखता येतं: चालता चालता बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागलं, तर तो जोरदार.

हा आकडा पाहून दडपून जाऊ नका. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी व्यायाम हिशेबात धरत नसत; 2020मध्ये ती अट काढून टाकली. तीन मिनिटं जिने चढलात तरी ती मोजायची. अजिबात काही न करणाऱ्याने थोडंसं सुरू केलं की त्यालाच सर्वात जास्त फरक पडतो, हे आम्ही रोज बघतो. दहा हजार पावलांचंही असंच. तो आकडा 1960च्या दशकात जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून लोकप्रिय झाला. तो काही डॉक्टरांनी ठरवून दिलेला नव्हता. आज तुमची तीन हजार पावलं होत असतील तर पुढचं लक्ष्य चार हजार.

खुर्चीवरची बैठक

पहिल्या दिवशी आम्ही प्रत्येकाला खुर्चीवर बसायला आणि उठायला लावतो. काहींना हे फारच बाळबोध वाटतं. घरी करून बघा. पावलं खांद्यांइतक्या अंतरावर, हात छातीशी, उठताना हातांचा आधार नाही. उठणं बहुतेकांना जमतं. लक्ष द्यायचं ते बसण्याकडे. खुर्ची चार बोटांवर आली की बरेच जण अंग सोडून देतात आणि धप्पकन बसतात. त्या चार बोटांतच खरा व्यायाम आहे. टेकायच्या आधी क्षणभर थांबा, मग आवाज न करता टेका. गुडघे आत झुकू देऊ नका, टाचा उचलू नका. अशा आठ बैठका, थोडी विश्रांती, पुन्हा आठ. बिनआवाजाच्या बारा बैठका दोन वेळा सहज होऊ लागल्या की थोडी बुटकी खुर्ची घ्या. वजन हातात घ्यायचं त्यानंतर.

दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतील. स्नायू ताणला जात असताना भार पेलतो, म्हणजे बसताना किंवा जिना उतरताना, तेव्हा हे दुखणं जास्त येतं. लॅक्टिक आम्ल साठल्यामुळे अंग दुखतं असं अजूनही सांगितलं जातं, पण ते व्यायामानंतर साधारण तासाभरात निवळतं, आणि हे दुखणं सुरू होतं दुसऱ्या दिवशी. एक ते तीन दिवसांत ते सर्वात जास्त असतं, मग आपोआप उतरतं. त्या दिवसांत हलकं चाललेलं बरं वाटतं. दोन्ही पायांत सारखं, बोथट दुखत असेल तर काळजी नको. व्यायाम चालू असतानाच एका ठिकाणी, विशेषतः सांध्यात कळ आली, तर तिथेच थांबा आणि आम्हाला सांगा.

छातीत दुखणं किंवा दडपण, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळाच दम लागणं, यांतलं काहीही झालं तर व्यायाम बंद करून ताबडतोब वैद्यकीय मदत घ्या. हृदयविकार, मधुमेह, उच्च रक्तदाब, गरोदरपण किंवा हल्लीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, आणि ते काय म्हणाले ते आम्हालाही कळवा. लपवून ठेवलेलं दुखणं आम्हाला सांभाळता येत नाही.

खाडा पडला तर

एकवीस दिवसांत सवय लागते असं सगळीकडे ऐकू येतं. लंडनमध्ये 96 जणांवर झालेल्या आणि 2010 साली छापून आलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18 दिवस पुरले, तर कुणासाठी अंदाज 254 दिवसांपर्यंत गेला. रोज एक पेला पाणी पिण्यासारख्या सोप्या सवयीपेक्षा व्यायामाला जास्त वेळ लागला. पण त्यातली आम्हाला सर्वात मोलाची वाटलेली गोष्ट अशी की मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात विशेष फरक पडला नाही.

त्यामुळे बुडालेला व्यायाम भरून काढायला दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. दोन-तीन दिवस गेले असतील तर आधीचंच पुढे चालू करा. दोन-तीन आठवडे गेले असतील तर ताकद बरीचशी शाबूत असते; दम मात्र लवकर कमी होतो. अशा वेळी एक पायरी खाली उतरून आठवडाभर हलकं करा. ताप येऊन गेला असेल तर पूर्ण बरं वाटेपर्यंत थांबा, मग निम्म्यावर सुरू करा. अगदीच वेळ नसेल त्या दिवशी पाच मिनिटं, आठ बैठका, एवढंच करा आणि वहीत लिहा.

वेळही आधीच नेमून टाका. ‘जमेल तेव्हा’ असं ठरवलं की ती वेळ उगवत नाही. रोजच्या एखाद्या पक्क्या कामाला व्यायाम जोडून टाका: दात घासले की बूट घालायचे. सकाळ चांगली की संध्याकाळ, हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारतात. तुम्हाला सांभाळता येईल ती वेळ चांगली.

या पत्रकाबरोबर एक वही दिली आहे. तिच्यात तीन रकाने आहेत: तारीख, काय केलं, आणि ‘अजून किती जमलं असतं?’, म्हणजे थांबलात तेव्हा तोच प्रकार आणखी किती वेळा करता आला असता. तिसरा रकाना प्रामाणिकपणे भरा, कारण आमचे ट्रेनर सर्वात आधी तोच वाचतात. तिथे दोन किंवा तीन लिहिलेलं असेल तर बेत बरोबर चालला आहे. सलग दोन दिवस शून्य दिसलं तर आम्ही स्वतःहून वजन कमी करू. नेहमीच सहा-सात दिसू लागलं तर वाढवू.

बऱ्याच दिवसांनी येत असाल तर नवी वही मागू नका, तीच आणा. मधली रिकामी पानं कुणी विचारणार नाही. पुढच्या ओळीवर त्या दिवसाची तारीख घालू आणि खुर्चीवरच्या आठ बैठकांपासून सुरू करू.