मोंबासा ते दार-एस-सलाम, गाडीने आणि स्कूबासह: भारतीय पासपोर्टवर लागणारी कागदपत्रे

केनियातील मोंबासाहून निघून दियानी आणि शिमोनी असे टप्पे घ्यायचे, लुंगालुंगा येथे सीमा ओलांडून होरोहोरोला टांझानियात शिरायचे, पुढे टांगा, पांगानी, बागामोयोमार्गे दार-एस-सलाम गाठायचे आणि वाटेत प्रवाळ पाहायला पाण्यात उतरायचे, या प्रवासाची कागदपत्रे एकेकटी पाहिली तर अवघड नाहीत. तरीही माणसे अडकतात, कारण प्रत्येक देशाची अट सुटी वाचली जाते. विमानाने एकाच देशात जाऊन येणाऱ्याचे त्याने भागते. रस्त्याने जाणाऱ्याला मात्र केनियाची, टांझानियाची आणि भारतात परतण्याची अशा तिन्ही अटी एकाच वेळी लागू होतात.

सर्वांत जास्त लोक अडकतात ते पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या, लसीच्या दाखल्यावर. भारतातून थेट केनियात उतरणाऱ्याला या दाखल्याची अट नाही, त्यामुळे ‘मोंबासाला कोणी विचारलेच नाही’ असे कोणीतरी ओळखीचे सांगते आणि लस राहून जाते. परंतु केनिया स्वतः पीतज्वराची जोखीम असलेल्या देशांत मोडतो आणि तेथून येणाऱ्या प्रवाशाला टांझानियाने दाखल्याची अट घातली आहे, म्हणून होरोहोरोच्या खिडकीवर तोच प्रवासी थांबवला जातो. शिवाय केनियातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत दाखल्याविना भारतात परतणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याची तरतूद आहे, आणि भारतीय नागरिकालाही तिच्यातून सूट नाही.

हा दाखला लस टोचल्यानंतर १० दिवसांनी वैध होतो. लस १ डिसेंबरला घेतली तर दाखला ११ डिसेंबरपासून चालतो, त्याआधी तो हातात असून नसल्यासारखाच. लस केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्रांतच घ्यावी लागते. मुंबईत विमानतळ आरोग्य कार्यालय, पुण्यात सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आणि गोव्यात मुरगाव बंदराचे आरोग्य कार्यालय ही त्यांपैकी काही. वेळ आधी ठरवूनच जावे लागते, त्यामुळे तिकीट काढले त्याच आठवड्यात ही वेळ घेऊन ठेवावी. दाखल्यावर पासपोर्ट क्रमांक लिहिलेला असतो; तो खिडकीसमोरून हलण्यापूर्वी एकेक अंक बोट ठेवून ताडून पाहावा, कारण १ चा ७ झालेला दाखला दुरुस्त करून देणारे कोणी सीमेवर भेटत नाही. अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांनी आणि साठी ओलांडलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ज्यांच्या जुन्या दाखल्यावर दहा वर्षांची मुदत छापलेली आहे त्यांनी घाबरू नये. जुलै २०१६ पासून तो आयुष्यभर ग्राह्य आहे.

केनियासाठी जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ई-टीए हा ऑनलाइन परवाना घ्यावा लागतो. मूळ शुल्क ३० डॉलर आहे आणि लहान मुलांचाही अर्ज स्वतंत्र असतो. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी दलालांची पाने दुपटीहून अधिक पैसे घेतात, तेव्हा पत्त्याच्या शेवटी केनिया सरकारची खूण आहे ना, हे पाहूनच पैसे भरावेत. अर्जात मुक्कामाच्या आरक्षणाचा पुरावा जोडावा लागतो आणि ‘वाटेत जिथे आवडेल तिथे राहू’ हे उत्तर अर्जात चालत नाही. निदान केनियातील मुक्काम, रद्द करता येतील अशा आरक्षणांनी का होईना, आधी पक्के करावेत.

येथे एक गैरसमज फार महागात पडतो. ‘ईस्ट आफ्रिका टुरिस्ट व्हिसा’ या नावावरून त्यात टांझानिया असेलच असे वाटते, पण तो फक्त केनिया, युगांडा आणि रवांडा या तीन देशांसाठी आहे. टांझानियाचा साधा ई-व्हिसा वेगळा घ्यावा लागतो, त्याचे शुल्क ५० डॉलर आहे आणि परतीचे तिकीट न जोडल्यास अर्ज रखडतो. पुढे झांझिबारला जाणार असाल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून तेथील सरकारी विमा कंपनीचा ४४ डॉलरचा विमा सक्तीचा आहे. भारतातून घेतलेला प्रवास विमा कितीही मोठा असला तरी त्याची जागा घेत नाही.

गाडी स्वतः चालवायची असेल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना भारतातूनच काढून न्यावा. परिवहनच्या पोर्टलवर अर्ज करून १,००० रुपये शुल्क भरले की तो एका वर्षासाठी मिळतो, मात्र मूळ परवान्याची मुदत आधी संपत असेल तर तेवढ्यापुरताच. अर्जासोबत वैध व्हिसा आणि वैद्यकीय दाखला देण्याची अट केंद्राने जानेवारी २०२१ मध्ये काढून टाकली आहे. तरीही काही कार्यालयांत आजही व्हिसा मागून लोकांना परत पाठवले जाते. इतक्या वर्षांपूर्वीची अधिसूचना खिडकीपर्यंत पोहोचू नये आणि तिची छापील प्रत अर्जदाराने काखेत घेऊन फिरावे, हे मुळीच योग्य नाही. पण सध्या प्रत सोबत नेणे हाच उपाय आहे.

याहून मोठी अडचण नावांची असते. आपल्याकडे परवान्यावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, कुठे वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव पूर्ण तर कुठे नुसते आद्याक्षर, असा प्रकार सर्रास असतो. लग्नानंतर पासपोर्ट बदललेल्या अनेक स्त्रियांचा परवाना माहेरच्याच नावाने राहिलेला असतो. परदेशातील पोलिसाला त्या दोन व्यक्ती दिसतात. परवान्यावरील नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्यावे आणि त्यानंतरच आंतरराष्ट्रीय परवान्याचा अर्ज भरावा.

भाड्याची गाडी सीमेपलीकडे नेण्यासाठी मालकाचे लेखी संमतिपत्र, गाडीचे लॉगबुक (म्हणजे तिथले नोंदणीपत्र) आणि कोमेसा यलो कार्ड हा सीमापार चालणारा वाहन विमा लागतो. लसीच्या दाखल्यालाही लोक यलो कार्डच म्हणतात, त्यामुळे ‘यलो कार्ड आहे’ या फोनवरच्या उत्तरावर समाधान मानू नये. विमा कार्डावर टांझानियाचे नाव आहे की नाही, हे गाडी ताब्यात घेतानाच पाहावे.

स्कूबाच्या बाबतीत तारकर्ली-मालवणला हौशी डाइव्हनंतर मिळालेले प्रमाणपत्र हे डाइव्हिंगचा परवाना नव्हे. ओपन वॉटरसारखा पूर्ण अभ्यासक्रम झाला असेल तरच १८ मीटरपर्यंत नेतात. मात्र बहुतेकांकडे नसलेला कागद निराळाच असतो. प्रत्येक डाइव्ह केंद्र आरोग्याची प्रश्नावली भरून घेते. दम्याचा इतिहास असेल, किंवा वय ४५ च्या पुढे असून रक्तदाब वा धूम्रपान असेल, तर डॉक्टरांच्या सहीचा तंदुरुस्ती दाखला दिल्याशिवाय पाण्यात उतरवत नाहीत. खरे उत्तर लपवून सही करणे जिवावर बेतू शकते, म्हणून प्रश्नावली घरीच उतरवून घ्यावी आणि आपल्या डॉक्टरांकडून तपासून सही आणावी. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या याच भेटीत ठरवाव्यात आणि आपण डाइव्ह करणार आहोत हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण मेफ्लोक्विन या मलेरियाच्या गोळीने येणारी चक्कर आणि डाइव्हनंतर दाब उतरताना होणाऱ्या विकाराची लक्षणे यांत गल्लत होऊ शकते. भारतातील प्रवास विम्यात स्कूबा अनेकदा वगळलेले असते, तेव्हा पॉलिसीतील अपवादांचे पान वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत.

परतीच्या तिकिटाची तारीख अर्जांत द्यावी लागत असल्याने शेवटची डाइव्हही आधीच ठरवावी लागते. एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास आणि सलग काही दिवस डाइव्ह केल्यास किमान १८ तास विमानात बसू नये, कारण उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि तोच विकार उद्भवू शकतो. टांझानियात न जाता मोंबासाहून गाडीने नैरोबीला परतणाऱ्यांनीही तेवढेच थांबावे, कारण तो रस्ता समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवर चढतो.