स्टेअरिंग थरथरतं ते नेमकं कधी?

स्टेअरिंग थरथरतं अशी तक्रार घेऊन गाडी आली, की जाणता मिस्त्री पान्याला हात लावण्याआधी विचारतो, कधी? किती वेगाला सुरू होतं, आपसूक होतं की खड्डा लागल्यावर, आणि वेग वाढवला तर थांबतं का? अर्धं निदान या उत्तरांतच असतं. हाताला सारखीच जाणवणारी ही थरथर मुळात दोन वेगळ्या जातींची आहे, आणि एकीवरचा इलाज दुसरीला लागू पडत नाही.

नागपुरात हा विषय जिव्हाळ्याचा आहे. उमरेड-कऱ्हांडला, पेंच, ताडोबा या जंगलांत पर्यटकांना घेऊन फिरणाऱ्या किती तरी गाड्या मारुतीच्या जिप्सी आहेत. १९८५ साली भारतात आलेली ही गाडी आता नवी मिळत नाही, त्यामुळे ज्या आहेत त्या जपूनच चालवाव्या लागतात. जिप्सीची पुढची दोन्ही चाकं एकाच अखंड अ‍ॅक्सलवर बसवलेली असतात. मारुतीच्याच जिम्नी या नंतरच्या गाडीचंही तसंच. नेहमीच्या मोटारीत एका चाकाला बसलेला धक्का बराचसा त्या चाकापुरता राहतो, इथे तो दुसऱ्या चाकापर्यंत पोचतोच. दगडधोंड्यांतून जाताना हीच रचना दणकट ठरते, म्हणून ती टिकली आहे.

पहिली जात चाकाच्या असमतोलाची. पावसाळ्यात विदर्भातली काळी माती रिमच्या आतल्या बाजूला चिकटते आणि वाळून घट्ट बसते. बाहेरून धुतलेली गाडी स्वच्छ दिसते, पण गोळा आत तसाच राहतो. समजा तो १०० ग्रॅमचा आहे आणि चाकाच्या मध्यापासून १९ सेंटिमीटरवर आहे. जिप्सीचा २०५/७० आर १५ मापाचा टायर ताशी ८० किलोमीटरला सेकंदात साडेदहा फेरे घेतो. या वेगाला तो १०० ग्रॅमचा गोळा चाकाला सुमारे साडेआठ किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढतो, आणि ओढीची दिशा प्रत्येक फेऱ्यात पूर्ण फिरते. ताशी ४० ला हाच जोर चौथाई होतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो.

तरीही असमतोलाची थरथर बहुधा एका ठरावीक वेगपट्ट्यातच जोर धरते. टायर, कमानीचे पाटे आणि स्टेअरिंगचे दांडे मिळून जी यंत्रणा होते तिची स्वतःची एक कंपनसंख्या असते. चाकाचे फेरे तिच्याशी जुळले की कंपन फोफावतं, वेग पुढे गेला की ते ओसरतं. म्हणून ‘सत्तरला सुरू होतं, नव्वदला जातं’ असं चालकाने सांगितलं, तर आधी रिम आतून खरवडून घ्यावी आणि मग बॅलन्सिंग करावं.

दुसरी जात खरी धोक्याची. गाडी नीट चाललेली असते. मग पुलाचा सांधा लागतो, जसे पेंचजवळ वन्यप्राण्यांना खालून जाता यावं म्हणून महामार्ग उचलून बांधलेल्या पुलांवर लागतात, आणि अचानक स्टेअरिंग हातातून सुटेल इतक्या जोराने डावी-उजवीकडे आपटू लागतं. वेग वाढवून हे जात नाही. बरंच हळू झाल्याशिवाय थांबत नाही. इथे सांध्याने फक्त सुरुवात करून दिलेली असते. पुढची ऊर्जा गाडीच्या स्वतःच्या गतीतून येते. दवाखान्यातलं स्ट्रेचर जोरात ढकललं की त्याचं पुढचं चाक फडफडतं, ते याच जातीचं कंपन. चाक जरा वळतं, टायर बाजूला दबतो, दबलेला टायर चाकाला परत ढकलतो, पण किंचित उशिराने. त्या उशिरामुळे चाक मध्यावर न थांबता पलीकडे जातं.

अखंड अ‍ॅक्सलमध्ये आणखी एक गोष्ट घडते, आणि मला या सगळ्या प्रकारात सर्वांत विलक्षण वाटते ती हीच. जोरात फिरणारं चाक आपला आस कलू द्यायला विरोध करतं आणि कलवलंच, तर काटकोनातल्या दिशेने वळतं. एक चाक उंचवट्यावर चढलं की अ‍ॅक्सल कलतो आणि दोन्ही चाकं एका बाजूला वळू पाहतात. वळलेली चाकं पुन्हा अ‍ॅक्सलला कलवतात. उड्या आणि वळणं एकमेकांना खतपाणी घालत राहतात. १९२०च्या दशकात मऊ, कमी दाबाचे टायर आणि पुढच्या चाकांचे ब्रेक आले, तेव्हा या थरथरीने अभियंत्यांना हैराण केलं होतं. पुढे १९३०च्या दशकात मोटारींना प्रत्येक चाकासाठी स्वतंत्र सस्पेन्शन आलं, त्यामागे हेही एक कारण होतं.

रस्त्यात असं झालं तर जोराचा ब्रेक मारू नये. अ‍ॅक्सिलरेटर सोडावा, स्टेअरिंग दोन्ही हातांनी पण अंगठे बाहेर ठेवून धरावं आणि गाडी सरळ रेषेत हळू होऊ द्यावी.

या दुसऱ्या जातीला वाव मिळतो तो झिजलेल्या सांध्यांतल्या ढिलाईमुळे, म्हणजेच प्लेमुळे. तो शोधायला यंत्र लागत नाही, दोन माणसं पुरतात. गाडी चाकांवर उभी असू द्यावी, कारण भार असतानाच खरा प्ले दिसतो. एकाने स्टेअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं, सतत हलवायचं. दुसऱ्याने खाली बसून ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) आणि टाय रॉड (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) यांच्या एकेका एंडवर, म्हणजे टोकाच्या सांध्यावर, हात ठेवायचा. जिथे एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला दुसरा मागून हलतो, तिथे दोष. कमानीच्या पाट्यांचे बुश (सांध्यातली रबरी अस्तरं) आणि स्टेअरिंग बॉक्सचे बोल्टही असेच तपासायचे. जिम्नीत अ‍ॅक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारा एक दांडा असतो, त्याचे बुश विसरू नयेत.

मग पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावं. खटखट जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावं. ब्रेक दाबल्यावर खटखट गेली तर व्हील बेअरिंग, राहिली तर किंगपिनचं, म्हणजे ज्या खिळीवर चाक डावी-उजवीकडे वळतं तिचं, बेअरिंग. जिप्सीत मला पहिला संशय किंगपिनवरच येतो. नाल्यातून गेलेल्या गाडीचं नकलजवळचं (चाक वळवणाऱ्या सांध्याजवळचं) सील फाटलेलं असलं की चिखलपाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि बेअरिंग खाल्लं जातं.

हवेचा दाबही बघायलाच हवा. जंगलातल्या कच्च्या रस्त्यासाठी हवा कमी केली आणि तशीच गाडी महामार्गावर आणली, तर मऊ टायर बाजूला जास्त दबतो आणि थरथरीला वाट मिळते. नागपूरचं हवामान यात भर घालतं. मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या दुपारी २६ पीएसआय भरलेला टायर जानेवारीतल्या १० अंशांच्या पहाटे, एक कणही हवा न गळता, साधारण साडेचार पीएसआयने खाली आलेला असतो. ऋतू बदलला की दाब पुन्हा मोजलाच पाहिजे, आणि तोही गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना.

टायरवर संशय असेल तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाकून बघावं. थरथर स्टेअरिंगमधून सीटमध्ये गेली, तर दोषी टायर किंवा रिम. फक्त ब्रेक लावतानाच थरथरत असेल तर ब्रेकची डिस्क. गाडी उंच केल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, मोजून घ्यावा. जिम्नीसारख्या रचनेत गाडी उंचावली की अ‍ॅक्सल थोडा पुढे फिरतो आणि कॅस्टर कमी होतो.

स्टेअरिंग डॅम्पर, म्हणजे स्टेअरिंगचे झटके जिरवणारा शॉक अॅब्सॉर्बर, मुद्दामच शेवटी ठेवला आहे. पुष्कळ जण तिथूनच सुरुवात करतात, कारण तो तासाभरात बदलून मिळतो आणि थरथर खरोखर कमी होते. पण सांधा झिजतच असतो आणि डॅम्पर त्याची खूण झाकून टाकतो. सहा पर्यटक बसवून निघालेल्या गाडीत ही झाकपाक मला अजिबात मान्य नाही. आधी प्ले काढावा, दाब आणि बॅलन्सिंग बघावं, मग त्याच रस्त्यावर त्याच वेगाने गाडी चालवून बघावी. जुना डॅम्पर काढून हाताने दाबावा आणि ओढावा. तेल गळत असेल किंवा मध्येच तो सैल जात असेल, तर नवा बसवावा.