मुलाचे स्थलांतर (ताबा वाद)

आईवडील विभक्त झाल्यावर मूल ज्याच्याकडे राहते, त्याने मुलाला घेऊन दुसऱ्या शहरात किंवा परदेशी जायचे ठरवले आणि दुसऱ्याने हरकत घेतली, की उभा राहणारा वाद. पुण्यात तो शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात चालतो. आयटीच्या या शहरात त्याची सुरुवात बरेचदा ‘ऑनसाइट’ (कंपनीने परदेशातल्या ग्राहकाकडे कामाला पाठवणे) या एका शब्दाने होते.

स्थलांतरासाठी भारतात वेगळा कायदा नाही. पालक व पाल्य अधिनियम, १८९० आणि हिंदूंसाठी हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ यांवरच काम भागवले जाते. पहिल्याच्या कलम २६ नुसार न्यायालयाने नेमलेल्या पालकाला परवानगीशिवाय पाल्याला त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर नेता येत नाही. दुसऱ्याच्या कलम १३ नुसार मुलाचे हित सर्वोपरी. कायद्याच्या मराठीत शेतजमिनीचाही ‘ताबा’ आणि लेकराचाही ‘ताबा’च; पण इथे मालकी कोणाची हा प्रश्नच नसतो, हे अनेक पक्षकारांना उशिरा उमगते. पाच वर्षांखालील मूल सहसा आईकडे असावे, असे कलम ६ सांगते. त्यावरून ‘पाच पूर्ण झाली की मूल बापाचे’ असा जो समज पसरला आहे, तो चुकीचा आहे.

न्यायालय काय पाहते? आजवर मुलाचे दुखणे-खुपणे, शाळा, डबा कोणी सांभाळले. नोकरी खरी आहे की भेटी तोडण्यासाठी काढलेली पळवाट. तिकडे शाळा आणि मुलाला सांभाळणारे माणूस आहे का. आणि मागे राहणाऱ्याला मूल कसे भेटणार. मूल समजत्या वयाचे असेल तर न्यायाधीश त्याला चेंबरमध्ये बोलावून, आईवडिलांना बाहेर बसवून, त्याच्याशी बोलतात. पढवलेली उत्तरे तिथे बहुधा कळून येतात. मात्र मुलाची इच्छा विचारात घेतली जाते, ती निर्णायक असतेच असे नाही.

पुण्यातलेच एक प्रकरण बोलके आहे. नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन पोलंडमधील क्राकोला नोकरीसाठी जाण्याची परवानगी एका अभियंता आईने मागितली. कौटुंबिक न्यायालयाने ती नाकारली. मुलगी दुरावेल, शिवाय शेजारी युक्रेनमध्ये युद्ध पेटले आहे, असे वडिलांचे म्हणणे होते. जुलै २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. भारती डांगरे यांनी तो आदेश फिरवला. आईची नोकरीची संधी हिरावता येणार नाही, पण सुट्टीत मुलीला भारतात आणावे आणि व्हिडिओ कॉलवर वडिलांशी बोलू द्यावे, असा तोल त्यांनी साधला. सर्वोच्च न्यायालयानेही २०१० मध्ये ऑस्ट्रेलियाला आणि २०२० मध्ये सिंगापूरला निघालेल्या आयांना अशीच वाट करून दिली होती.

खरी घासाघीस होते ती भेटींच्या तक्त्यावर. दर रविवारची भेट जाऊन तिथे उन्हाळ्याची सुट्टी येते, तिकिटाचा खर्च कोणाचा हे लिहावे लागते, कॉलची वेळ ठरते. क्राकोत दुपारचे तीन वाजतात तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. आदेशात नुसते ‘सायंकाळी सहा’ लिहिले तर कोणाचे सहा, यावरून पुन्हा अर्ज होऊ शकतो. मूल ठरल्या वेळी परत आणण्याचे हमीपत्रही घेतले जाते.

परवानगीविना मूल नेल्यास गाठ आणखी घट्ट बसते. एका देशातून दुसऱ्या देशात असे नेलेले मूल परत पाठवण्यासाठी झालेल्या १९८० च्या हेग बालअपहरण करारात भारत सामील नाही. त्यामुळे परदेशी न्यायालयाने ‘मूल परत पाठवा’ म्हटले, तरी इथले न्यायालय मुलाचे हित स्वतंत्रपणे तपासते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका घेतली. देशातल्या देशातही मुलाचे ‘सामान्य वास्तव्य’ कुठले यावर बरीच वादावादी होते, कारण अर्ज पुण्यात चालणार की नागपुरात, हे त्यावरच ठरते.

ताब्याचे आदेश कायमचे नसतात. नवव्या वर्षी दिलेली परवानगी परिस्थिती पालटल्यास बाराव्या वर्षी पुन्हा तपासता येते, आणि एकदा नाकारलेलीही नव्याने मागता येते.