लॉ फर्ममधील ज्ञानव्यवस्थापन आणि समाजमाध्यमे

वकिलांच्या फर्ममध्ये रोजच्या कामातून ज्ञान साठत जाते. कोणत्या मुद्द्यावर कोणता निकाल उपयोगी पडतो, भागीदारीच्या करारात विशिष्ट कलम गेल्या वेळी कसे लिहिले होते, कोणत्या निबंधक कार्यालयात कोणता कागद आधी मागतात, हे सारे त्यात येते. हे ज्ञान एका वकिलाकडून दुसऱ्याकडे पोचावे आणि माणूस फर्म सोडून गेला तरी मागे उरावे, यासाठी केलेल्या व्यवस्थेला ज्ञानव्यवस्थापन म्हणतात. समाजमाध्यमे या क्षेत्रात दोन वाटांनी आली. फर्मच्या आत विकी (अनेकांना मिळून लिहिता-दुरुस्त करता येणारी पाने), ब्लॉग, यॅमर व टीम्स ही कार्यालयीन संवादाची साधने आणि भारतात मुख्यतः व्हॉट्सॲप वापरात आले. बाहेर लिंक्डइन, ट्विटर (आताचे एक्स) आणि यूट्यूब ही माध्यमे निकाल कळण्याची व आपले नाव लोकांपर्यंत नेण्याची साधने झाली.

फर्मकडच्या ज्ञानाचे ढोबळ तीन थर असतात. पहिला सार्वजनिक: कायदे, नियम, निकाल. दुसरा फर्मचा स्वतःचा: मसुदे, लेखी अभिप्राय, सल्लापत्रे. तिसरा माणसांच्या डोक्यात आणि बोलण्यात राहणारा. पहिल्या दोन थरांसाठी ग्रंथालय आणि दस्तऐवज-प्रणाली पुरेशी ठरते. समाजमाध्यमांचा खरा संबंध तिसऱ्या थराशी आहे, कारण तो आजवर कोणत्याच कपाटात मावलेला नाही. आपल्याला जितके सांगता येते त्याहून अधिक आपल्याला माहीत असते, हे तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यी यांनी १९६६ मध्ये मांडले. वकिली हा त्याचा उत्तम दाखला आहे. अनुभवी वकील मसुदा चाळताच ‘इथे गडबड आहे’ म्हणतो. का, ते त्याला नंतर शोधावे लागते.

जुनी रीत

मुंबईत ही व्यवस्था नाव नसतानाही फार पूर्वीपासून होती. क्रॉफर्ड बेली (१८३०), लिटल अँड कंपनी (१८५६), वाडिया घांडी (१८८३) या सॉलिसिटर फर्म एकोणिसाव्या शतकातल्या. तिथे शिकण्याची रीत आर्टिकलशिपची होती. शिकाऊ उमेदवार सॉलिसिटरच्या हाताखाली काही वर्षे बसे, नकला करी, कॉन्फरन्समध्ये मागे बसून ऐके. मुंबईत सॉलिसिटर होण्यासाठी बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा आजही आहे. दिनशा फरदुनजी मुल्ला (१८६८–१९३४) यांनी भावासह १८९५ मध्ये मुल्ला अँड मुल्ला ही फर्म काढली. दिवाणी प्रक्रिया संहिता आणि हिंदू कायदा यांवरची त्यांची भाष्ये अजूनही न्यायालयात ‘मुल्ला’ याच नावाने उद्धृत होतात. चेंबरमध्ये मुरलेले ज्ञान सगळ्या वकीलवर्गाला खुले झाले, असे याकडे पाहता येते. निकालांच्या बाबतीत १८९९ पासूनचा बॉम्बे लॉ रिपोर्टर आणि १९१४ पासूनचे निकाल देणारा, नागपूरशी ज्याचे नाव जोडले गेले तो ऑल इंडिया रिपोर्टर यांनी तेच केले. महाराष्ट्रातल्या कोणत्याही जुन्या वकिलाच्या दिवाणखान्यात ‘एआयआर’चे जाड खंड भिंतभर लावलेले दिसत.

ही रीत टिकली त्याला एक कायदेशीर कारणही होते. कंपनी कायदा, १९५६ च्या कलम ११ नुसार भागीदारीत वीसपेक्षा अधिक भागीदार घेता येत नव्हते. फर्म लहान असल्याने कोणाला काय येते हे सगळ्यांना ठाऊक असे आणि अडले तर शेजारच्या खोलीत जाऊन विचारता येई. २००८ चा मर्यादित दायित्व भागीदारी कायदा आणि कंपनी कायदा, २०१३ चे कलम ४६४ यांमुळे व्यावसायिकांवरची ही मर्यादा उरली नाही. मुंबई, दिल्ली, बंगळुरू अशा शहरांत शाखा असलेल्या, शेकडो वकिलांच्या फर्म उभ्या राहिल्या. तेव्हा शेजारची खोली दुसऱ्या शहरात गेली आणि ज्ञानव्यवस्थापन हा स्वतंत्र विभाग झाला. इंग्लंडमधल्या मोठ्या फर्मनी याच कामासाठी १९९० च्या दशकात ‘प्रोफेशनल सपोर्ट लॉयर’ हे पद रूढ केले होते. हा वकील सहसा अशिलाचे काम पाहत नाही. नमुना मसुदे अद्ययावत ठेवतो, बदललेला कायदा इतरांना समजावतो.

कोठार रिकामे का राहते

पहिल्या पिढीतल्या संगणकीय ज्ञानकोठारांचा अनुभव बहुतेक ठिकाणी सारखा होता. प्रणाली घेतली गेली, विषयवार कप्पे पाडले गेले आणि कप्पे रिकामे राहिले. याचे मूळ आळसात नसून पैशाच्या हिशेबात आहे. तासावर बिल आकारणाऱ्या फर्ममध्ये वेळ सहा-सहा मिनिटांच्या एककात, म्हणजे तासाच्या दहाव्या भागात, नोंदवला जातो. मसुद्यातून अशिलाची नावे काढून, वर चार ओळींची टीप लिहून तो कोठारात ठेवायला अर्धा तास लागतो. हा अर्धा तास कोणत्याच अशिलाच्या बिलात बसत नाही. शिवाय अशील अनेकदा फर्मचा नसून विशिष्ट भागीदाराचा असतो आणि भागीदार गेला की तोही जातो. अशा ठिकाणी आपले कौशल्य सर्वांपुढे मांडणे म्हणजे आपली किंमत कमी करून घेणे, अशी भीती वाटते. ही भीती खरी आहे. तिच्याकडे दुर्लक्ष करून घेतलेले कोणतेही सॉफ्टवेअर चालत नाही. जिथे वार्षिक मूल्यमापनात ज्ञानकार्याचे तास धरले जातात, तिथे कोठार भरते.

समाजमाध्यमांची कल्पना इथे उपयोगी पडली. पहिली विकी १९९५ मध्ये निघाली. कंपन्यांच्या आत अशी साधने वापरण्याला व्यवस्थापनाचे अभ्यासक अँड्र्यू मॅकॲफी यांनी २००६ मध्ये ‘एंटरप्राइज २.०’ हे नाव दिले. २००८ मध्ये यॅमर आले आणि २०१२ मध्ये ते मायक्रोसॉफ्टने विकत घेतले. ज्ञान वेगळे ‘जमा’ करायला सांगू नका, जे बोलणे कामाच्या ओघात होतेच आहे ते इतरांना दिसेल अशा जागी होऊ द्या, हा त्यामागचा विचार. दोन वकिलांमधला ईमेल दोघांपुरताच राहतो. तोच प्रश्न फर्मच्या आतल्या ऑनलाइन फलकावर विचारला तर उत्तर सगळ्यांसाठी उरते आणि उत्तर कोणी दिले हेही दिसते. हा दुसरा लाभ अधिक मोलाचा आहे. उत्तर काही महिन्यांत जुने होऊ शकते, पण ‘मुद्रांकशुल्काचे यांना विचारा’ ही माहिती वर्षानुवर्षे कामाला येते.

मात्र वकिलीत दोन अडथळे येतात आणि दोन्ही व्यवसायाच्या स्वभावातून आलेले आहेत. एक, वरिष्ठ वकील सर्वांसमक्ष प्रश्न विचारायला कचरतात. ज्याचा व्यवसायच उत्तरे देण्याचा, त्याला ‘मला हे माहीत नाही’ असे लिहिणे जड जाते. वरिष्ठ गप्प राहिले की ज्युनिअरही गप्प राहतात. दुसरा अडथळा हितसंबंधांचा. एकाच फर्ममधल्या दोन गटांकडे परस्परविरोधी हित असलेले अशील असतील, तर त्यांच्यात माहितीची भिंत उभी करावी लागते, म्हणजे एका गटाची माहिती दुसऱ्याला दिसू द्यायची नसते. ज्ञानव्यवस्थापन दारे उघडायला सांगते आणि ही भिंत ती बंद करायला लावते. म्हणून फर्ममधील फलकावर प्रकरणाची वस्तुस्थिती न लिहिता केवळ कायद्याचा प्रश्न लिहावा, अशी शिस्त लागते.

व्हॉट्सॲप: सर्वाधिक वापर, सर्वांत कच्चे कोठार

भारतीय वकिलीत प्रत्यक्षात चालते ते व्हॉट्सॲप. एकेका प्रकरणाचा ग्रुप असतो. त्यात सिनियर, ज्युनिअर, क्लार्क आणि पुष्कळदा अशीलही. बोर्डावर कितवा नंबर चालू आहे, पुढची तारीख काय पडली, आदेशाची पीडीएफ, विरुद्ध बाजूच्या प्रतिज्ञापत्राच्या पानांचे फोटो, हे सगळे तिथे येते. न्यायालयांनीही या माध्यमाची दखल घेतली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये क्रेडिट कार्डाच्या थकबाकीच्या एका दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जात) व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस बजावली गेल्याचे मानले, कारण पीडीएफ पोचल्याचे आणि उघडल्याचे खुणांवरून दिसत होते. पुढे करोनाच्या साथीच्या काळात, जुलै २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने नोटिसा-समन्स अशा संदेशसेवांवरून पाठवायला मुभा दिली.

निरोप पोचवायला हे साधन उत्कृष्ट आहे. ज्ञान राखायला तितकेच कच्चे. सिनियरने रात्री अकरा वाजता बोलून पाठवलेल्या तीन मिनिटांच्या ध्वनिसंदेशात एखाद्या मुद्द्याचे सगळे सार असते, पण तो नंतर शब्द टाकून शोधता येत नाही. फोन बदलला आणि बॅकअप घ्यायचा राहिला तर इतिहास गेला. ज्युनिअरने फर्म सोडली की तीन वर्षांचा मजकूर त्याच्या खासगी फोनमध्ये त्याच्याबरोबर जातो. फर्मकडे तो राहत नाही आणि त्याच्याकडून पुसलाही जात नाही. नोव्हेंबर २०२० पासून संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोयही आली. ज्या व्यवसायात कोणता कागद कधी पोचला यावर हक्क ठरतात, तिथे ही सोय विचार करूनच वापरायला हवी. यावर साधा आणि टिकणारा उपाय एकच दिसतो: ग्रुपवर आलेला आदेश व निर्णय त्याच दिवशी प्रकरणाच्या फाइलमध्ये हलवायचा आणि हे काम नाव घेऊन एका माणसाकडे सोपवायचे.

गोपनीयता

वकील आणि अशील यांच्यातील संवादाला भारतीय पुरावा कायदा, १८७२ च्या कलम १२६ ने संरक्षण दिले होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ ने घेतली. गुप्ततेचे हे बंधन वकिलपत्र संपल्यावरही राहते आणि ते दुभाषे, कारकून, कर्मचारी यांनाही लागू आहे. म्हणजे ग्रुपमधला क्लार्कही त्याच्या कक्षेत येतो. गुन्हेगारी हेतूने केलेला संवाद मात्र यात झाकला जात नाही.

समाजमाध्यमावर गुपित कसे फुटते याचे बोधक उदाहरण इंग्लंडमधले आहे. जे. के. रोलिंग यांनी रॉबर्ट गॅलब्रेथ या टोपणनावाने रहस्यकादंबरी लिहिली होती. त्यांच्या सॉलिसिटर फर्ममधल्या एका भागीदाराने हे पत्नीच्या मैत्रिणीला विश्वासाने सांगितले. तिने ट्विटरवर एका पत्रकाराला कळवले आणि जुलै २०१३ मध्ये ते वृत्तपत्रात आले. नियामक संस्थेने त्या सॉलिसिटरला ताकीद देऊन १००० पौंड दंड केला. त्याने स्वतः समाजमाध्यमावर एक अक्षरही लिहिले नव्हते. अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेने २०१८ च्या ४८० क्रमांकाच्या अभिप्रायात आणखी पुढचे सांगितले: न्यायालयाच्या दप्तरात उघड असलेली माहितीही अशिलाच्या संमतीविना वकिलाने ब्लॉगवर लिहू नये आणि ‘समजा, एक अशील होता’ अशा काल्पनिक रूपातून माणूस ओळखू येत असेल तर तेही टाळावे.

बाहेरची माध्यमे आणि जाहिरातबंदी

अमेरिकेत १९७७ च्या बेट्स खटल्यानंतर वकिलांना जाहिरात करता येते. भारतात अधिवक्ता कायदा, १९६१ खालील बार कौन्सिलच्या (वकिलांच्या नियामक संस्थेच्या) नियमांतील नियम ३६ ती करू देत नाही. २००८ मध्ये या नियमात दुरुस्ती होऊन नाव, पत्ता, सनद क्रमांक, पात्रता, कामाचे क्षेत्र इतकी माहिती संकेतस्थळावर देण्याची परवानगी मिळाली. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन मंचांवरून काम मिळवण्याविरुद्ध कारवाईचे निर्देश दिले. मार्च २०२५ मध्ये बार कौन्सिलने समाजमाध्यमांवरील प्रसिद्धी आणि इन्फ्लुएन्सरांचा वापर यांवर पुन्हा इशारा दिला.

या बंदीचा एक चांगला परिणाम झाला आहे. ‘आम्ही उत्तम’ असे म्हणता येत नसल्याने भारतीय फर्म लिंक्डइनवर नव्या निकालांची टिपणे आणि दुरुस्त कायद्यांची स्पष्टीकरणे देतात. ज्ञानविभागाने आतल्या वकिलांसाठी केलेले टिपणच थोडे सोपे होऊन बाहेर येते. छोट्या गावातला वकील, विद्यार्थी, पत्रकार यांना ते फुकट वाचायला मिळते. २००८ मध्ये सुरू झालेले इंडियन कानून हे निकालांचे मोफत शोधस्थळ आणि सप्टेंबर २०२२ पासून सर्वोच्च न्यायालयातील घटनापीठांच्या सुनावणीचे थेट प्रक्षेपण यांमुळे निकाल आता त्याच दिवशी हाती येतो. घाईत लिहिलेली एकोळी बातमी मात्र निकालातला निर्णायक भाग आणि न्यायाधीशांचा ओघातला उद्गार यांत फरक करत नाही. तो करून देणे हे ज्ञानविभागाचे आजचे मुख्य काम आहे.

मराठी मजकुराचा प्रश्न

महाराष्ट्रातील दुय्यम न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेने मराठी ठरली. त्यामुळे जिल्हा-तालुक्याच्या वकिलांकडे दावे, कैफियती, खरेदीखते, हक्कसोडपत्रे यांचे मराठी मसुदे मोठ्या संख्येने आहेत, आणि इंग्रजी फर्मसाठी बनलेल्या प्रणालींना ते जवळजवळ दिसत नाहीत. पुष्कळ मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना सारखी कळणारी युनिकोड ही अक्षरपद्धत येण्याआधीच्या फॉन्टमध्ये, टंकलेला आहे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की निरर्थक रोमन अक्षरे दिसतात आणि ‘वहिवाट’ किंवा ‘ताबेगहाण’ हा शब्द टाकून शोधले तर काहीच सापडत नाही. मजकूर आहे, पण शोधायच्या दृष्टीने नसल्यासारखा. वकील संघांच्या ग्रुपवर मसुदे फिरतात ते बहुतेक फोटोच्या रूपात, म्हणजे त्यांचीही गत तीच. जुन्या फाइलींचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे कंटाळवाणे असले तरी शक्य आहे. रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घालावे लागतात, कारण चुका तिथेच राहतात. फोटोंसाठी त्याहून सोपी सवय लावून घेता येते: पाठवताना खाली न्यायालय, तारीख, कलम आणि मुद्दा एवढी एक ओळ युनिकोड मराठीत टंकायची. पुढे शोधणाऱ्याला ती ओळ सापडते आणि तिच्यावरचा फोटोही.